सहा लिटरचा इलेक्ट्रिक प्रेशर कुकर: चिकन नूडल्सच्या कसोटीवर

इलेक्ट्रिक प्रेशर कुकर विकताना तीन गोष्टी सांगतात: सगळं एकदम टाका, एक बटण दाबा, काही मिनिटांत जेवायला बसा. या तिन्हींची परीक्षा घ्यायला चिकन नूडल्स अगदी योग्य, कारण त्यातल्या दोन मुख्य जिनसांचं एकमेकींशी पटत नाही. मांडीचं चिकन मऊ व्हायला जास्त उष्णता आणि वेळ मागतं. नूडल्स मिनिटाभराच्या फरकाने बिघडतात. निकाल आधीच सांगून टाकतो. चिकन आणि रस्सा हे यंत्र फार छान करतं. नूडल्स दाबाखाली शिजवणं त्याला जमत नाही. पण झाकण उघडून, त्याच भांड्यात, परतायच्या म्हणजे सॉटे मोडवर त्या उत्तम होतात. तेव्हा भांडं एकच पुरतं, बटण मात्र दोनदा दाबावं लागतं.

हे परीक्षण ६ लिटरच्या, आत स्टीलचं भांडं असलेल्या, साधारण १००० वॅटच्या मॉडेलांना धरून आहे. चार ते सहा माणसांना हाच आकार बरा. ३ लिटरचं मॉडेल पुरेल असं वाटतं, पण फुगणाऱ्या आणि फेस काढणाऱ्या पदार्थासाठी प्रेशरखाली भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नसतं. म्हणजे हातात उरतो दीड लिटर, आणि चौघांच्या रस्सेदार नूडल्सना तो अपुरा पडतो. ८ लिटरचं भांडं मोठ्या कुटुंबाला ठीक, फक्त ते तापायला वेळ घेतं आणि त्यात किमान पाणीही जास्त घालावं लागतं.

आता त्या ‘काही मिनिटां’बद्दल. पडद्यावर ८ मिनिटं लावली तर ती मोजायला सुरुवात होते प्रेशर पूर्ण चढल्यावर. सव्वा लिटर नळाचं पाणी आणि ६०० ग्रॅम चिकन असेल तर प्रेशर चढायलाच १२ ते १५ मिनिटं जातात. हे यंत्राचं दुखणं नाही, १००० वॅटमध्ये तेवढं पाणी तापायला तेवढा वेळ लागणारच. त्यावर साधा उपाय म्हणजे कांदा परतत असतानाच पाणी किटलीत उकळून घ्यायचं. उकळतं पाणी ओतलं की हा वेळ जवळपास निम्म्यावर येतो. दुसरी गोष्ट, या कुकरांचा ‘हाय’ दाब साधारण ७० ते ८० किलोपास्कल असतो आणि आतलं तापमान ११५ ते ११७ अंश सेल्सिअसपर्यंत जातं. गॅसवरचा कुकर १०० किलोपास्कलच्या आसपास, म्हणजे सुमारे १२० अंशांवर काम करतो. म्हणून गॅसच्या कुकरची वेळ इथे जशीच्या तशी लावली तर हाडालगतचं मांस कच्चट राहू शकतं.

चार माणसांसाठी हाती बसलेलं प्रमाण असं: मांडीचं बोनलेस चिकन ६०० ग्रॅम, मोठा कांदा १, लसूण ६ पाकळ्या, आल्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, गाजरं २, मटार अर्धी वाटी, सुक्या गव्हाच्या नूडल्स २०० ग्रॅम, तेल २ मोठे चमचे, मीठ २ चहाचे चमचे, ताजी मिरपूड १ चहाचा चमचा, उकळतं पाणी सव्वा लिटर. नूडल्स रस्सेदार न ठेवता अंगासरशी हव्या असतील तर पाणी पाऊण लिटर पुरे. शेवटी लिंबू.

सॉटे मोड लावून भांडं पूर्ण तापू द्या. पडद्यावर तसा संदेश येईपर्यंत थांबलं नाही तर चिकन चिकटतं. बऱ्याच मॉडेलांत भांड्याचा तळ मध्ये किंचित फुगीर असतो, त्यामुळे तेल कडेकडेला जमा होतं आणि मधोमध ठेवलेला तुकडा कोरडाच भाजतो. ही या यंत्राची खरी खोड आहे. तुकडे कडेने मांडायचे, दोन खेपांत भाजायचे, आणि मांड्या कापायच्या नाहीत, अख्ख्या ठेवायच्या. चिकन आधी टिपून कोरडं करा. एकच बाजू ३ मिनिटं, न हलवता. दोन्ही बाजू लाल करायच्या नादात वेळ जातो. चवीला एक बाजू पुरते.

चिकन काढून कांदा ३ मिनिटं परता, मग आलं-लसूण अर्धा मिनिट. त्यानंतरची पायरी सगळ्यांत महत्त्वाची आणि नेमकी तीच लोक गाळतात: अर्धी वाटी गरम पाणी घालून तळाची खरवड लाकडी उलथण्याने पूर्ण सोडवायची. उलथणं तळावरून कुठेही अडखळता कामा नये. या खरवडीतच रश्श्याचा रंग आणि चव असते हे झालंच, पण ती तळाला राहिली तर पडद्यावर ‘बर्न’ येतं. भांड्याखाली तापमान मोजणारा सेन्सर असतो. तळाला थर चिकटला की तिथली उष्णता वरच्या पाण्यात जात नाही, तळ अवाजवी तापतो आणि यंत्र हीटर बंद करतं. लोकांना वाटतं कुकर बिघडला. बिघडलेलं काही नसतं. प्रेशर सोडा, उघडा, तळ खरवडा, शंभर-दीडशे मिलिलिटर गरम पाणी घाला आणि पुन्हा लावा. टोमॅटो पेस्ट किंवा दाट सॉस घालायचा असेल तर तो सगळ्यांत वर ठेवायचा, ढवळायचा नाही. तळाशी बसला की हाच संदेश येतो.

चिकन परत भांड्यात, पाणी, मीठ, झाकण. अख्ख्या बोनलेस मांडीला हाय प्रेशरवर ८ मिनिटं, मग ५ मिनिटं प्रेशर आपोआप उतरू द्यायचं आणि उरलेली वाफ हाताने सोडायची. हाडासकट मांडी असेल तर १० ते १२ मिनिटं आणि आपोआप उतरायला १० मिनिटं. ही थांबायची मिनिटं वाचवू नका. झाकणावरचा व्हॉल्व्ह एकदम उघडला तर दाब झपाट्याने पडतो, आतलं पाणी खदखदून उसळतं, रस्सा गढूळ होतो आणि चिकनचे धागे आवळून चिवट होतात. झाकणावरची लहान पिन ‘टक’ करून खाली बसली की झाकण उघडायचं, त्याआधी जोर लावायचा नाही.

छातीचं मांस, म्हणजे ब्रेस्ट, वापरायचं तर अपेक्षा कमी ठेवा. आतलं तापमान ७४ अंशांना पोचलं की चिकन खायला सुरक्षित, पण ब्रेस्ट त्याच्या पुढे चार-पाच मिनिटांतच चोथ्यासारखं होतं, आणि प्रेशर कुकरमध्ये नेमकं ७४ ला थांबायची सोय नाही. मांडीत जोडऊती, म्हणजे मांसाचे धागे बांधून ठेवणारा चिवट भाग, जास्त. ती जास्त उष्णतेला विरघळते आणि मांस उलट मऊ होतं. या यंत्रासाठी मांडीच घ्यावी.

आता नूडल्स. ‘पाकिटावरच्या वेळेच्या निम्मे, वजा एक मिनिट’ हा प्रेशरचा नियम सर्रास सांगितला जातो. जाड मॅकरोनी असेल तर तो बराचसा चालतो. नूडल्सना चालत नाही, आणि कारण साधं आहे. ८ मिनिटांच्या नूडल्सना ३ मिनिटं लावली, तरी प्रेशर चढेपर्यंतची पाच-सात मिनिटं त्या गरम पाण्यात भिजत पडलेल्या असतात, आणि प्रेशर उतरायला आणखी दोन जातात. मधल्या काळात ढवळता येत नाही. सुरुवातीच्या दोन मिनिटांत नूडल्सवरचं स्टार्च चिकट होतं. तेव्हाच ढवळलं नाही तर धागे एकमेकांना धरून बसतात. झाकण उघडल्यावर दिसतं ते असं: कडेच्या नूडल्स फुगून तुटायला आलेल्या, आणि मधोमध एक गठ्ठा, ज्याच्या गाभ्यात पाणी शिरलेलंच नाही. वर स्टार्चचा फेस व्हॉल्व्हमधून फुसफुसत बाहेर येतो आणि झाकणाच्या आतली जाळी चोंदवतो.

म्हणून चिकन बाहेर काढा, सॉटे मोड पुन्हा लावा, रस्सा दोन-तीन मिनिटांत उकळतो. गाजराच्या पातळ चकत्या आणि नूडल्स आता घाला. (गाजर आधी चिकनसोबत टाकलं तर चमच्याने हात लावताच विरघळतं. तेव्हाच टाकायचं असेल तर अडीच सेंटिमीटरचे जाड तुकडे करा.) पहिली दोन मिनिटं काट्याने सतत सुटं करत राहा, पुढे अधूनमधून. तोवर चिकनचे दोन काट्यांनी धागे काढून होतात.

सुक्या गव्हाच्या नूडल्सना ६ ते ८ मिनिटं, अंड्याच्या पातळ नूडल्सना ३ ते ५, ताज्या नूडल्सना २ ते ३. तांदळाच्या बारीक नूडल्सना उकळीची गरजच नाही. यंत्र बंद करा, त्या गरम रश्श्यात बुडवा आणि ३-४ मिनिटं झाकण ठेवा. उकळल्या तर तुटून खिचडी होते. तळून वाळवलेल्या झटपट नूडल्सचे गोळे २-३ मिनिटांत होतात, मात्र त्या रश्श्यात तेल सोडतात, तेव्हा सुरुवातीचं तेल निम्मं करा.

नूडल्स पूर्ण शिजायला मिनिटभर बाकी असताना मटार आणि चिकन टाका, यंत्र बंद करा, आणि आतलं भांडं कापडाने धरून उचलून बाहेर ठेवा. हे विसरू नका. खालची प्लेट बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते आणि नूडल्स शिजतच जातात. त्याहून वाईट म्हणजे ‘कीप वॉर्म’, जेवण गरम ठेवणारा मोड. काही मॉडेलांत तो मोड आपोआप चालू होतो, आणि घरातलं एक माणूस अर्ध्या तासाने जेवायला येईस्तोवर रस्सा नाहीसा होऊन खाली लगदा उरतो. उशिरा येणाऱ्याचा वाटा रस्सा-चिकन म्हणून वेगळा काढा आणि नूडल्स त्या वेळी टाका. मीठ शेवटी चाखा: नूडल्स मीठ ओढतात, त्यामुळे त्या टाकण्याआधी किंचित खारट लागणारा रस्सा नंतर बरोबर लागतो. लिंबू आणि मिरपूडही यंत्र बंद केल्यावरच. दूध किंवा क्रीम घालायचं तर तेही आत्ता. प्रेशरखाली ते फाटतं.

तयार प्रोग्रामची बटणं सजावट समजा. ‘सूप’चं बटण बऱ्याच मॉडेलांत अर्ध्या तासाची वेळ लावतं, ती हाडांच्या रश्श्यासाठी ठीक, बोनलेस चिकनसाठी तिप्पट-चौपट. उशिरा सुरू करायचा टायमर तर कच्च्या चिकनला वापरूच नये. सकाळी भरून ठेवलेलं चिकन संध्याकाळपर्यंत खोलीच्या तापमानाला राहणार, आणि ५ ते ६० अंश हाच जंतूंच्या वाढीचा पट्टा. गोठलेलं चिकन मात्र थेट घालता येतं, तुकडे सुटे असतील तर. वेळ दीडपट करा. एकमेकांना चिकटून दगड झालेला गोळा असेल तर बाहेरचं शिजतं, आतलं कच्चं राहतं.

पिन वर येत नसेल आणि कडेने वाफ जात असेल, तर तीनच शक्यता तपासायच्या: झाकणाची सिलिकॉन रिंग नीट बसलेली नाही, व्हॉल्व्ह उघडा राहिला आहे, किंवा पाणी किमान पातळीच्या खाली आहे. रिंग वास धरते, लसणाचा तर चांगलाच. साबणाने तो पूर्ण जात नाही. गोडाच्या पदार्थांना दुसरी रिंग ठेवणं हाच खरा इलाज. झाकणाच्या आतली छोटी जाळी दर वेळी काढून धुवा. स्टार्च वाळलं की ती चोंदते. स्टीलच्या भांड्यावर पांढरे किंवा निळसर डाग पडले तर व्हिनेगर दहा मिनिटं घालून ठेवलं की जातात.

मग घ्यावा का? चिरण्यापासून वाढण्यापर्यंत, सगळं धरून, ४० ते ४५ मिनिटं लागतात. साध्या जाड बुडाच्या पसरट भांड्यात, बोनलेसचे छोटे तुकडे करून, हाच पदार्थ अर्ध्या तासात होतो. म्हणजे निव्वळ घाईसाठी, फक्त या एका पदार्थासाठी, हे यंत्र घेण्यात अर्थ नाही. ते स्वतःची किंमत वसूल करतं ते हाडासकट चिकनमध्ये: उघड्या भांड्यात ज्या दाटपणाला तासभर उकळावं लागतं तो रस्सा इथे खूप कमी वेळात मिळतो, आणि मधली वीसेक मिनिटं ओट्याशी उभं राहावं लागत नाही.

घेताना प्रोग्रामची संख्या मोजू नका. सॉटे मोडला कमी-जास्त करायची सोय आहे का, आतलं भांडं स्टीलचं आहे का (नॉनस्टिकवर खरवड तयारच होत नाही, आणि रश्श्याला रंग येत नाही), कीप वॉर्म बंद करता येतं का, आणि सुटी रिंग वेगळी विकत मिळते का, एवढं विचारा. सुटी रिंग मिळत नसेल तर बाकीचं विचारायचीही गरज नाही.