पत्र्याच्या घराला टर्बो फॅन का आढ्याची फट?

कोल्हापुरात पावसाळ्यात पत्र्याला आतनं घाम सुटतोय, ती गळती नसती, सैपाकघरातली वाफ वर जाऊन गार पत्र्याला लागती आणि थेंब पडत्यात. ती वाफ वरनंच बाहेर काढायला दोन उपाय हायत. टर्बो फॅन म्हणजे छपरावर बसवायचा गोल पंखा, तो वाऱ्यावर फिरून आतली हवा बाहेर ओढतोय, लाईट लागत नाही, पण त्याला पत्रा कापावा लागतोय आणि त्या भोकाचं सील गेलं की खरंच गळतंय, वारा पडला की ओढपण कमी. आढ्याची फट, म्हणजे छपराच्या शेंड्याला दोन्हीकडच्या पत्र्यांमधी टोपीखाली ठेवलेली फट, सगळ्या लांबीवरनं हवा सोडती, मला हीच भारी वाटती, फक्त वळचणीला हवा आत यायची जाळी निदान तेवढीच मोठी पाहिजे, आणि वरची टोपी लांब घ्या, पश्चिमेचा पाऊस आडवा मारतोय. दोन्ही एकत्र मात्र बसवू नका, फॅन जवळच्या फटीतनंच हवा ओढतोय, वळचणीकडची दमट तशीच राहती.