डेकला स्क्रू कुठले: काळे, झिंक, ३०४ की ३१६?

टेरेसवर डेक, म्हणजे फळ्यांची जमीन, टाकायचा म्हटलं की सगळी चर्चा लाकडावर, सागवान घ्यायचं की डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाच्या फळ्या), आणि स्क्रू काय मग सुतार आणेलच. तो आणतो काळे जिप्सम स्क्रू, कारण फर्निचरच्या कामातले त्याच्या पिशवीत पडलेलेच असतात. ते घराच्या आतल्या कामासाठी, कडक पण ठिसूळ, पावसात फळी फुगली-आकसली की डोकं तुटून येतं आणि गंज तर लगेचच. बाद.

झिंकचा मुलामा दिलेले पिवळे-पांढरे जरा बरे, एवढंच. त्यांच्यावरचा थर काही मायक्रॉनचा असतो, ड्रायव्हरचा बिट घसरला की डोक्यावरून तिथेच खरवडला जातो. त्यात सागात टॅनिन असतं, लोखंडाशी ओल लागली की स्क्रूभोवती काळे डाग धरतात आणि महागाची फळी कळकट दिसायला लागते. केमिकल ट्रीट केलेल्या पाइनमध्ये तांबं असतं, ते झिंक अजून लवकर खातं.

म्हणजे खरा प्रश्न ३०४ की ३१६ एवढाच. दोन्ही स्टेनलेस स्टीलचेच प्रकार, फरक ३१६ मधल्या दोन-तीन टक्के मॉलिब्डेनमचा, आणि तेच खाऱ्या हवेतल्या क्लोराइडपुढे टिकतं. ठाण्यात येऊरच्या पायथ्याला किंवा घोडबंदर रोडला खाडीपासून आत असाल तर ३०४ पुरे, उगाच जास्त पैसे घालू नका. नवी मुंबईत पाम बीच रोडला खाडीसमोर असाल किंवा डेक स्विमिंग पूलच्या कडेला असेल तर ३१६ च. आणि एक गंमत म्हणजे उघड्या टेरेसपेक्षा खाडीकडे तोंड असलेली वरून झाकलेली बाल्कनी स्क्रूंना जास्त त्रासाची, कारण उघड्यावरचं मीठ पाऊस धुऊन टाकतो, झाकलेल्या जागी ते साचत राहतं आणि ३०४ वर चहाच्या रंगाचे डाग येतात.

दुकानात नुसतं 'एसएस द्या' म्हणालात तर २०२ किंवा ४१० हातात पडू शकतात, हेही स्टेनलेसच, पण गंजाला कमी टिकणारे. ४१० ला चुंबक घट्ट चिकटतं, पण २०२ चुंबकाने पकडला जात नाही, म्हणून बॉक्सवर ए२ म्हणजे ३०४ आणि ए४ म्हणजे ३१६ असं लिहिलंय का ते बघा.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो खालच्या फ्रेममुळे. आपल्याकडे फ्रेम बहुतेक वेळा एमएस (साधं लोखंड) किंवा जीआय (झिंक चढवलेलं लोखंड) पाइपची, आणि ३०४ चा स्क्रू नरम, तो लोखंडाला स्वतः भोक पाडू शकत नाही. मग फॅब्रिकेटर ४१० चे सेल्फ ड्रिलिंग, म्हणजे स्वतःच भोक पाडणारे स्क्रू मारून मोकळा होतो आणि तुमचा ३०४ चा बॉक्स तसाच पडून. त्याला आधी ड्रिलने भोक पाडून मग ३०४ मारायला लावा, किंवा बायमेटल स्क्रू आणा, त्यांचं फक्त टोक कडक स्टीलचं आणि बाकी अंग स्टेनलेसचं असतं. फ्रेम लाकडाची असेल तर २५ मिमी फळीला ५ बाय ६० मिमीचा स्क्रू, डोक्यावर चांदणीची खाच असलेला स्टार बिटचा, आणि सागात आधी बारीक भोक पाडूनच, नाहीतर स्टेनलेस आतच तुटतो.

डब्ल्यूपीसीला फळ्या धरून ठेवणाऱ्या क्लिपा येतात, फक्त क्लिपचे स्क्रू पण ३०४ चेच मागा, खाडीसमोर किंवा पूलकडेला ३१६ चे. आणि कुठलाही स्क्रू घेतलात तरी फ्रेम स्लॅबला ठोकू देऊ नका, वॉटरप्रूफिंग फुटलं तर खालच्या मजल्यावरच्यांच्या छतातून पाणी गळेल आणि मग सोसायटीच्या मीटिंगला तुम्हीच.