वजन बरोबर भरलं, तरी फसलो

मी शाळेत विज्ञान शिकवतो. आठवीच्या पोरांना घनता आणि आर्किमिडीजचं तत्त्व दरवर्षी मीच सांगतो. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण मला गंडवलं गेलं ते नेमकं याच धड्यात. घरात त्यावरून हसायचं तेवढं हसून झालंय.

1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ मारलं आणि आमच्या कोल्हापुरात घरटी एक नेमबाज तयार व्हायला निघाला. आमची धाकटीही त्यातलीच, तेव्हा बारा वर्षांची. 10 मीटर एअर रायफल. बाहेरून येणाऱ्या मॅच रायफली लाखांच्या घरातल्या. आम्ही घेतली ती नवशिक्यांची, सिंथेटिक स्टॉकची. स्टॉक म्हणजे रायफलीचा हातात आणि खांद्याला धरायचा भाग, इथं आतून पोकळ प्लॅस्टिकचा. दिसायला दणकट, उचलायला हलका. साइटसकट भरली 3.2 किलो.

हलकी रायफल बरी असंच कुणालाही वाटेल. पण या प्रकारात दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. उभं राहून धरलेली हलकी नळी श्वासाबरोबर, अगदी नाडीच्या ठोक्याबरोबरही डोलते. थोडं वजन असलं की तिचं डोलणं सुस्त होतं. नियमात 5.5 किलोपर्यंत मुभा आहे, म्हणजे आमच्याकडे जागा भरपूर होती. रेंजवरचे सर मात्र म्हणाले, "वजनाचं नंतर बघू. आधी तोल कुठंय ते बघतो. महिनाभर थांबा."

मी थांबलो नाही. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

इन्स्टाग्रामवर एक पेज सापडलं. परदेशी खेळाडूंच्या रायफलींचे फोटो, नळीला चमकदार काळे नळकांडे लावलेले. चौकशी केली तर दहा मिनिटांत फोन. माणूस गोड बोलणारा. लेकीचं वय, उंची, हाताची लांबी, सगळं विचारलं. आता कळतं की तो माप माझं घेत होता. "सर, शिसं-लोखंड गल्लीतले लोक लावतात. आपलं टंगस्टन आहे, जर्मनीचं. फेडरेशन अप्रूव्ड." तीन नगांचा सेट, प्रत्येकी 200 ग्रॅम, 13,500 रुपये. बिल हवं असेल तर 18 टक्के वर. मी म्हणालो, बिल कशाला. पैसे यूपीआयवरून एका माणसाच्या नावावर गेले, दुकानाच्या नव्हे. तेव्हा हे खटकलं नाही.

पार्सल आलं. काळे, गुळगुळीत, 30 मिलिमीटर जाडीचे आणि 25 मिलिमीटर लांबीचे तीन नग. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले: 200, 201, 200. बायको म्हणाली, "भरलं ना वजन? मग झालं." मलाही तसंच वाटलं. टंगस्टन सोडा, त्या नगांवर 'चंद्रावरचा दगड' लिहिलं असतं तरी मी वजन करून समाधानानं ठेवून दिले असते.

दोन नग त्याच्याच क्लॅम्पनं नळीच्या टोकाला लावले. म्हणजे 400 ग्रॅम, मूळ तोलबिंदूच्या 45 सेंटिमीटर पुढे. गणित सोपं आहे: 400 गुणिले 45, भागिले नवीन वजन 3600. तोल पाच सेंटिमीटर पुढे सरकतो. पोरीच्या डाव्या हाताला हे पाच सेंटिमीटर म्हणजे अख्खी बादली. नळी खाली झुकायला लागली, आठवड्याभरात खांदा दुखायला लागला, गुण घसरले. मी त्यालाच फोन केला. त्याला बहुतेक हाच फोन हवा होता.

"बरोबरच आहे सर, पुढं दिलं की मागं द्यावं लागतं." बटच्या, म्हणजे स्टॉकच्या खांद्याला टेकणाऱ्या टोकाच्या, पोकळीत टंगस्टन पावडर आणि एपॉक्सीचं मिश्रण, 450 ग्रॅम, आणखी 6,000 रुपये. आधी दुखणं विकायचं, मग औषध. स्टॉक कुरिअरनं पाठवला, तीन आठवड्यांनी परत आला. रायफल 4.05 किलो भरली. आकडा पुन्हा अचूक! तोलही मधोमध आला. मी खूश.

पोरगी खूश नव्हती. "बाबा, हिच्या पोटात काहीतरी सरकतंय." मी म्हणालो, भास आहे. तिनं रायफल माझ्या कानाशी धरून हळूच उभी-आडवी केली. सळसळ ऐकू आली, सुपात तांदूळ फिरवावेत तशी.

रात्री बटचं रबरी पॅड काढलं. दोनच स्क्रू. आत एम-सीलचा जाड लेप. तो पेचकसानं उकलला तर मागून निघाली दुधाची रिकामी पिशवी, तोंडाला रबर बँड, आणि आत वाळू. साधी, बांधकामाची, त्यात एक शिंपल्याचा तुकडाही होता. रायफल उचलली की वाळू एकीकडे, खाली केली की दुसरीकडे. म्हणजे प्रत्येक शॉटला तोल वेगळा आणि पोरगी स्वतःलाच दोष देत होती. पैशांपेक्षा मला ते जास्त लागलं. शिवाय भरण्यासाठी त्यानं आतल्या बरगडीला पाडलेल्या भोकापासून स्टॉकला बारीक चीर गेली होती, ती वेगळीच.

मग नजर गेली त्या काळ्या नगांकडे. तिसरा नग खिशात टाकून दुसऱ्या दिवशी गुजरीत गेलो, आमच्या ओळखीच्या सराफांकडे. "मास्तर, टंगस्टन म्हणालात?" ते हसायलाच लागले. सराफांना हा धातू नको इतका ठाऊक असतो. टंगस्टनची घनता 19.25, सोन्याची 19.3. म्हणून सोन्याच्या बिस्किटात टंगस्टन भरून लबाडी होते. "आमच्याकडं सोनं म्हणून टंगस्टन येतं, तुम्हाला टंगस्टन म्हणून काय दिलंय ते बघू."

त्यांनी काट्यावर पाण्याचा पेला ठेवला आणि आकडा शून्यावर आणला. नग दोऱ्यानं बांधून पाण्यात सोडला, पूर्ण बुडलेला पण तळाला आणि कडेला न टेकणारा, दोरा हातात धरून. काट्यावर आलं 17.6. इतकंच पाहायचं असतं: नगानं जितकं पाणी सारलं तितके ग्रॅम काटा दाखवतो. 200 भागिले 17.6 म्हणजे 11.4 च्या आसपास. शिशाची घनता 11.34. खरं टंगस्टन असतं तर 200 ग्रॅमच्या नगाला काट्यानं 10.4 दाखवलं असतं. किंवा याच आकाराचा नग 340 ग्रॅम भरला असता.

मग त्यांनी कडेचा काळा रंग नखानं खरवडला आणि नग पावतीच्या पाठीवर ओढला. पेन्सिलसारखी करडी रेघ उमटली. "टंगस्टनला नख लागत नाही, मास्तर." पोरगी असलेच नग रोज हाताळत होती आणि नंतर डबा खात होती, हे आठवून पोटात गोळा आला. पेलेट म्हणजे छर्रेही शिशाचेच असतात, म्हणून सरांनी सरावानंतर साबणानं हात धुवायची शिस्त लावली आहे. पण हे 'टंगस्टन' असल्यानं मीच तिला म्हणालो होतो की याला हात लावलास तरी चालेल.

13,500 रुपयांत मी घेतलं होतं सहाशे ग्रॅम शिसं, भंगारात फार तर दीडशे रुपयांचं. गंमत अशी की वजन वाढवायला शिसं काही वाईट नाही. टंगस्टनचा फायदा एवढाच की कमी जागेत जास्त वजन मावतं. आमच्या पोकळ स्टॉकमध्ये जागेचीच तर रेलचेल होती. जी गोष्ट खरी मिळाली असती तरी मला नको होती, तीच मी खोटी विकत घेतली.

1930 वर सायबर तक्रार नोंदवली. तिथून पोलीस ठाणं, तिथं पहिला प्रश्न, "वस्तू मिळाली ना? वजन कमी होतं का?" नाही हो, वजन अगदी बरोबर होतं. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन केला तर त्यांनी बिल मागितलं. बिल नको म्हणणारा मीच. माझ्याकडे आहेत यूपीआयचे दोन स्क्रीनशॉट आणि सराफांनी काट्याचा काढून दिलेला फोटो. पेजवर मला ब्लॉक केलंय. दुसऱ्याच्या मोबाइलवरून पाहिलं तर तेच फोटो, किंमत आता 14,900.

शेवटी तोंड पाडून सरांकडे गेलो. ते रागावले नाहीत. त्यांनी सगळं उतरवलं आणि कपाटातून दहा रुपयांच्या नाण्यांची थैली काढली. एक नाणं साधारण 7.7 ग्रॅमचं, सव्वीस नाणी म्हणजे 200 ग्रॅम. पुठ्ठ्याच्या पट्टीत नाणी ओळीनं बसवून पट्टी फोर-एंडखाली, म्हणजे स्टॉकच्या नळीखालच्या पुढच्या भागाखाली, टेपनं चिकटवायची, दहा शॉट मारायचे, दोन नाणी कमी, पुन्हा दहा शॉट. नळीच्या टोकाला काहीच नाही. चार दिवस हा खेळ चालला आणि पोरीच्या हाताला पटलं तेव्हा फोर-एंडखाली चौदा नाणी होती आणि बटमध्ये दहा, बटमधली फोममध्ये घट्ट दाबून. दोनशे ग्रॅमसुद्धा भरली नाहीत.

परवा रेंजवरून येताना रिक्षाला सुटे नव्हते. तिनं पिशवी उघडली, पुढची टेप सोडली, दोन नाणी रिक्षावाल्याच्या हातावर ठेवली आणि मला म्हणाली, "बाबा, उद्या सरावाच्या आधी परत हवीत."