ओब्रा डिन की आउटर वाइल्ड्स : आधी कुठला?

नेहमीच्या यादीबाहेरचा गेम कुणी विचारला की ही दोन नावं हटकून एकत्र येतात. दोन्हींत हत्यारं नाहीत, लेव्हल वाढवायच्या नाहीत. सुरुवातीला तुम्ही जितके सबळ असता तितकेच शेवटीही. फरक पडतो तो तुम्हाला काय कळलंय याचा. म्हणूनच दोन्ही एकदाच खेळता येतात आणि म्हणूनच आधी कुठला हा प्रश्न जरा जपून सोडवावा लागतो. बक्षिसं बघून ठरवायचं म्हटलं तर तेही जमत नाही. आयजीएफचं (इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल) सर्वोच्च बक्षीस दोघांकडेही आहे: आउटर वाइल्ड्सकडे २०१५ चं, म्हणजे गेम बाजारात यायच्या चार वर्षं आधीचं, आणि ओब्रा डिनकडे २०१९ चं.

लुकास पोपचा 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' (२०१८) म्हणजे साठ जणांची हजेरी. साल १८०७, बेपत्ता झालेलं जहाज परत आलंय आणि ईस्ट इंडिया कंपनीचे विमा निरीक्षक म्हणून प्रत्येकाचं नाव आणि त्याचं काय झालं हे तुम्ही वहीत भरायचं. प्रेताजवळ तुमच्याकडचं जादूचं घड्याळ उघडलं की आधी काळोखात आवाज येतात, मग मृत्यूचा क्षण गोठलेला दिसतो आणि त्यात हिंडता येतं. वही वरवर साधी दिसते, पण खरी करामत तिचीच आहे. एखाद्या चेहऱ्याला खूण लावली की तो माणूस ज्या ज्या प्रसंगांत आहे तेवढीच पानं उलटता येतात. चेहरा धूसर असेल तर समजा, ओळखायला पुरेशी माहिती अजून हाती आलेली नाही; त्याच्यावर डोकं फोडू नका. स्पष्ट झालेल्या चेहऱ्याखाली ओळखणं किती अवघड ते सांगणारे त्रिकोण असतात. एक त्रिकोणवाले आधी संपवा, तीनवाले शेवटी.

मोबियस डिजिटल या स्टुडिओचा 'आउटर वाइल्ड्स' (२०१९) याच्या अगदी उलटा. आख्खी सूर्यमाला मोकळी, लाकडाचं यान, आणि बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट. पुन्हा तीच सकाळ, नवी फेरी, पण यानातली नोंदवही सगळं लक्षात ठेवते. कल्पना किती पक्की बसवलीय ते जुळ्या ग्रहांवर दिसतं: ॲश ट्विनवरची वाळू सतत एम्बर ट्विनवर ओतली जात असते. म्हणजे एम्बर ट्विनच्या गुहा फेरीच्या सुरुवातीलाच बघून घ्यायच्या, नंतर त्या भरत जातात; आणि ॲश ट्विनवर जे पुरलेलं आहे ते उशिरा गेल्यावरच उघडं पडतं. हे कुणी सांगत नाही, दोनदा वाळूखाली चिरडल्यावर आपोआप समजतं. निव्वळ कल्पकतेला गुण द्यायचे तर इथे एक गुण जास्तच द्यावा लागेल.

मग घोडं अडतं कुठे? उत्तर कळणं आणि उत्तर वापरणं यांच्यामध्ये. नोंदवही वाचताना एखादी गोष्ट डोक्यात लख्ख बसते, आणि ती तपासायला यानात चढा, सूट घाला (तो विसरून दार उघडलं की फेरी गेली), उड्डाण करा, वेग जुळवा, उतरा. तीन-चार मिनिटं तर यातच. ऑटोपायलट सरळ रेषेत जातो. मधे सूर्य असला तरी सरळच. पोचल्यावर जेटपॅकची उडी चुकली की सगळं पहिल्यापासून. तर्क बरोबर होता, अंगठा चुकला. पहिल्या पाच-सहा तासांत हे खपून जातं, कारण वाटेत काहीतरी नवं दिसत असतं. शेवटाकडे मात्र बघायचं एकच ठिकाण उरतं आणि रस्ता तोच तो. ओब्रा डिनमध्ये हा टप्पाच नाही. कळलं की वही उघडायची आणि लिहायचं. माझं पारडं झुकलं ते एवढ्यावरच. ज्याचा हात कंट्रोलरवर बसलेला आहे त्याला कदाचित ही तक्रार क्षुल्लक वाटेल, हेही मान्य.

ओब्रा डिन धुतल्या तांदळासारखा आहे असं नाही. बरोबर भरलेल्या नोंदी तीन-तीनच्या जुडीने पक्क्या होतात. हातात दोन खात्रीच्या असल्या की तिसऱ्याचं नाव एकेक बदलून तुक्का मारता येतो, आणि मोह होतोच. चार चिनी खलाशांपाशी तर बहुतेक जण घसरतात. तिथे बोलण्यातून काही मिळत नाही. चेहरा सोडून बाकीचा माणूस बघा, एवढंच सांगतो. दुसरी कटकट पायपिटीची. एखादा प्रसंग पुन्हा बघायचा तर वहीतून थेट जाता येत नाही, त्या प्रेतापर्यंत चालतच जावं लागतं. म्हणून एका डेकवरचे प्रसंग एकदम उरकावेत. मृत्यूचं कारण लिहिताना शब्दांचा फार कीस काढू नका. जिथे खरोखर संदिग्ध आहे तिथे एकाहून जास्त उत्तरं चालतात. ठिपक्यांच्या एकरंगी चित्राने डोळे शिणले तर सेटिंगमध्ये जुन्या मॉनिटरांच्या छटा आहेत, त्या बदलून बघा. आणि हेडफोन हवाच. कोण कुठल्या देशाचा हे अनेकदा उच्चारावरूनच ठरतं.

आउटर वाइल्ड्सच घेणार असाल तर कंट्रोलरशिवाय बसू नका, आणि वाचताना वेळ थांबवायची सोय सेटिंगमध्ये आधीच चालू करा. नोंदवहीत नारिंगी फुली असलेल्या ठिकाणी अजून काही बघायचं राहिलंय; फुली नसेल तर तिथे परत जाऊन वेळ घालवू नका. जायंट्स डीप या ग्रहावर गॅब्रो नावाचा प्रवासी भेटेल, त्याच्याकडून ध्यान शिकून घ्या, म्हणजे फसलेली फेरी तिथल्या तिथे संपवता येते. खोल पाण्याची किंवा अंधाराची धास्ती असेल तर दोन ग्रह जड जातील. २०२१ चा जोडभाग मूळ गेम संपल्यावरच.

रोज तासभरच मिळत असेल आणि मधे खंड पडणार असेल तर तुमच्यासाठी आउटर वाइल्ड्स बरा, त्याची वही तुमच्या वतीने आठवण ठेवते. ओब्रा डिनला सलग दोन-तीन सुट्ट्या द्या. आठवडाभराने परत आलात तर जहाजावरचे सगळे मिशीवाले एकाच आईची लेकरं वाटायला लागतात.