क्योतोतला होमस्टे : घर उत्तम, एजन्सी कच्ची

जपानी शिकायला क्योतोला निघालेल्या आपल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : वसतिगृह घ्यावं की होमस्टे? मी सांगलीची. जपानी पुण्यात शिकले आणि पुढे क्योतोच्या भाषाशाळेत असताना शूगाकुइन भागात एका कुटुंबाकडे राहिले. ओकाआसान (आई), ओतोसान (वडील) आणि आजी, असं तिघांचं घर. माझं उत्तर स्पष्ट आहे : होमस्टेच घ्या. फक्त जेवणाचं स्वतः नक्की करा, घर जुळवून देणाऱ्या एजन्सीवर सोडू नका.

फॉर्मवर मी शाकाहारी लिहिलं होतं. एजन्सीनं घरी कळवलं, ‘मांस खात नाही.’ तिकडे एवढं सांगितलं की मासे चालतात असंच बहुतेक जण धरून चालतात. बरं, ताटात दिसणारा मासा बाजूला ठेवता येतो. पण जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, म्हणजे सूप-भाज्यांत घालायचं चवीचं पाणी, आणि ते बहुतेक घरांत कात्सुओबुशीचं असतं, म्हणजे धुरी देऊन वाळवलेल्या माशाच्या किसाचं. मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या) सूपमध्ये तेच, शिजवलेल्या भाजीत तेच, उदोन या जाड नूडल्सच्या रश्शात तेच. पहिल्या रात्री ओकाआसाननी हौसेनं मांडलेल्या जेवणातलं मला जवळजवळ काहीच खाता येईना आणि त्यांचा चेहरा उतरला. पैसे घेऊन घर जुळवून देणाऱ्यांनी एक फोन करून नीट विचारलं असतं तर हे टळलं असतं. तक्रार केली तर ‘घरच्यांशी बोलून घ्या’ एवढंच उत्तर आलं. याचा मला आजही राग आहे.

घरच्यांनी मात्र मन जिंकलं. दुसऱ्याच दिवशी ओकाआसान कोंबु आणि वाळलेले शिइताके मशरूम घेऊन आल्या. कोंबु म्हणजे समुद्री शेवाळाची जाड, काळपट पट्टी. ती आणि शिइताके गार पाण्याच्या बरणीत घालून ओकाआसान ती बरणी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवत. सकाळी फिकट सोनेरी पाणी तयार. बौद्ध मंदिरांतल्या शोजिन, म्हणजे शाकाहारी, जेवणाची दाशी अशीच करतात, आणि क्योतोला तर कोंबुची जुनी सवय : एदो काळात होक्काइदोहून जहाजांनी तो इकडे यायचा. क्योतोचं पाणीही मऊ, त्यात कोंबुचा स्वाद छान उतरतो. त्या दाशीत गोडसर पांढरा मिसो घालून केलेलं सूप मी दोन-दोन वाट्या प्यायचे. उन्हाळ्यात कामोनासु नावाची गरगरीत वांगी येतात. ती आडवी चिरून, तळून, वर मिसो लावून मिळायची.

मग मी भरीत करायचं ठरवलं. तिकडच्या गॅसला प्रत्येक बर्नरवर सेन्सर असतो, फार तापलं की आच आपोआप मंद होते किंवा विझते. ओकाआसाननी ‘अबुरी’चं, म्हणजे थेट आचेवर भाजण्याचं, बटण दाबून दाखवलं, जाळी ठेवली आणि आम्ही लांबट वांगी खरपूस भाजली. वर कुजोनेगी या क्योतोच्या कांद्याची हिरवी पात, दाण्याचा कूट, आईनं दिलेला काळा मसाला. आजींनी पुन्हा मागून घेतलं, आणि पुढे दर आठवड्याला ‘ते वांग्याचं’ अशी फर्माईश यायची.

बाकी नियम आहेत आणि ते पाळावे लागतात. अंघोळ टबाबाहेर बसून, साबण पूर्ण धुऊन. मग स्वच्छ अंगानं गरम पाण्यात बसायचं. तेच पाणी सगळं घर वापरतं, म्हणून बूच काढायचं नाही, वर झाकण घालायचं. आमच्याकडे उरलेलं पाणी सकाळी कपडे धुवायला जायचं. जळणारा कचरा महापालिकेच्या पिवळ्या पिशवीत, आणि ही पिशवी विकत घ्यावी लागते. आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी सकाळी आठच्या आत ती बाहेर ठेवून वर कावळ्यांनी फाडू नये म्हणून जाळी घालायची. प्लास्टिक वेगळं, बाटल्या-डबे वेगळे. हे काम मी मागून घेतलं, कारण त्या निमित्तानं शेजारच्या बायकांशी रोज चार वाक्यं बोलणं व्हायचं.

भाषेचा खरा फायदा इथेच. वर्गात पुस्तकी, सभ्य जपानी. घरात क्योतोची बोली, जिच्यात शेजाऱ्याबद्दल बोलतानाही क्रियापदाला आदराचा ‘हारु’ लागतो. संध्याकाळी सातच्या एनएचके या सार्वजनिक वाहिनीच्या बातम्या लागल्या की ओतोसान प्रत्येक बातमी मला माझ्या शब्दांत सांगायला लावत. डिसेंबरच्या जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत ऐकण्याच्या भागाची मला जराही धास्ती वाटली नाही.

थंडीबद्दल सांगायलाच हवं. क्योतो डोंगरांच्या खोलगट भागात आहे, जानेवारीत गारठा जमिनीतून वर येतो. जुन्या लाकडी घरात सगळ्या खोल्या गरम नसतात. बैठकीत कोतात्सु, म्हणजे खाली हीटर आणि वर गोधडी असलेलं बैठं टेबल, बाकी घर गार. माझ्या खोलीतला हीटर लहान होता, तो मोठा मागायला हवा. आणि रात्री उशीर होणार असेल तर संध्याकाळी सहाच्या आत कळवायचं, कारण ताट वाढायचं असतं. ज्यांना कामामुळे रोज अकराला घरी यायचंय त्यांनी वेगळी खोलीच घ्यावी. विद्यार्थी व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं, पण असं वेळापत्रक आणि होमस्टे यांचं जमत नाही.

पैसे वसतिगृहापेक्षा जास्त जातात, पण त्यात दोन वेळचं जेवण आलं. शूगाकुइनहून एइझान रेल्वेनं देमाचियानागीला उतरलं की पुढे केइहान लाइन, त्यामुळे शाळेला जाणं सोपं.

घर ठरलं की निघण्याआधी जपानीत एक पान लिहून थेट घरच्यांना पाठवा : मासे चालत नाहीत, कात्सुओबुशी चालत नाही, सूपमधला चिकनचा अर्कही चालत नाही, कोंबु-शिइताके चालतात, आणि दूध-अंड्यांचं काय तेही. ‘शाकाहारी’ एवढ्या एका शब्दावर थांबू नका.