हापूसचा एक डझनाचा खोका: आकडा बारा, पण वजन किती?

घरपोच मिळणाऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ‘१ डझन’ छापलेलं असतं. डझन म्हणजे बारा नग, एवढंच. वजनाचं त्यात काहीच कळत नाही, आणि खरी गोम इथेच आहे. २०० ग्रॅमची बारा फळं २.४ किलो भरतात, २७५ ग्रॅमची ३.३ किलो. समजा पहिला डझन ८०० रुपयांना आणि दुसरा १००० ला असेल, तर किलोला अनुक्रमे ३३३ आणि ३०३ रुपये पडतात. म्हणजे ‘स्वस्त’ डझनच महाग! म्हणून मागवताना एका फळाचं वजन विचाराच. ते न सांगणाऱ्याकडून घेऊ नये.

मात्र सगळ्यात मोठा आंबा तो सगळ्यात चांगला, असंही नाही. मोठ्या फळात साका (आतून खराब, स्पंजासारखा झालेला गर) निघण्याची शक्यता जास्त, आणि साका कापल्याशिवाय दिसत नाही. खायला २५० ग्रॅमच्या आसपासचं फळ उत्तम, रसाला लहान चालेल.

लाकडी पेटीत चार-पाच डझन किंवा जास्तही बसतात. डझन वाढले की फळ लहान, हे लक्षात ठेवा.

खोका आला की लगेच उघडा. फळं पेंढ्यावर एका थरात पसरा, रोज पाहा, देठाशी काळं पडलेलं आधी बाजूला काढा. कच्ची फळं फ्रिजमध्ये ठेवू नका, ती नीट पिकत नाहीत.

पुठ्ठ्याच्या खोक्याला पाचपैकी चार. एक गुण वजन न छापल्याबद्दल कापला.