गोखरूच्या नावाखाली ठाण्यात ४०,००० रुपयांना लुबाडलं

ठाणे स्टेशनच्या आसपास लॅबबाहेर "काका, लघवीचा त्रास का? माझ्या वडिलांनाही हाच होता" असं म्हणत कुणी जवळ आला, तर त्याच्याशी बोलूसुद्धा नका. तो जडीबुटीच्या दुकानाचा दलाल असतो. आम्हाला असाच एक जण दुकानात घेऊन गेला.

बाबा ७३ वर्षांचे. प्रोस्टेट वाढलेली, लघवीला जळजळ, रात्रभर उठबस. अँटिबायोटिकचा कोर्स संपला की पुन्हा इन्फेक्शन. गोखरू आमच्या घराला नवा नाही. आजी त्याचा काढा द्यायची, दशमुळातलं, म्हणजे आयुर्वेदातल्या दहा मुळ्यांपैकी एक औषध आहे ते. म्हणून विश्वास बसला. पैसे दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याला आम्ही दारातूनच हाकललं असतं.

दुकानातल्या 'वैद्यजीं'नी भाव सांगितला ३५०. पुडीचा, असंच कुणालाही वाटेल. बाबांनी मान हलवताच त्याने बरण्यांतून काढून खलात टाकलं, कुटलं आणि मग काटा दाखवला. ९६ ग्रॅम, ग्रॅमला ३५०, म्हणजे ३३,६००. वर भस्माचे ६,४००. "आता कुटलंय, परत होणार नाही."

त्याआधी तो काय म्हणाला होता? "हा हिमालयातला राजगोखरू." अहो, गोखरू आपल्या माळावर, शेताच्या बांधावर उगवतो, अनवाणी पायात रुततो तोच! त्या एका वाक्यावर उठायला हवं होतं. अजून ते कानात घुमतं आणि संताप होतो. पण शेजारी बाप कळांनी वाकलेला असताना गोखरू कुठे उगवतो हे कोण आठवत बसतं?

१५,००० यूपीआयने, २५,००० रोख. एटीएमपर्यंत त्यांचा पोऱ्या सोबत आला. सोबत कुणी येत असेल तर कार्ड बाहेरच काढू नका. भाव ग्रॅमचा की पुडीचा, हे कुटण्याआधी कागदावर लिहून घ्या.

आठवडाभरात बाबांना हुडहुडी भरून ताप आला, भरती करावं लागलं. ताप असेल तर चूर्णावर एक दिवसही घालवू नका, इन्फेक्शन किडनीपर्यंत चढतं. युरिन कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू शोधणारी तपासणी करा. बाजारात काष्ठौषधींच्या दुकानात गोखरू मिळाला १०० ग्रॅम ८० रुपयांना.

चौकीत ऐकवलं, "पैसे तुम्हीच दिलेत ना? दिवाणी मॅटर आहे." फसवणुकीला भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, ते काय शोभेला? सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन केला, तिथे फक्त यूपीआयच्या १५,००० ची नोंद झाली. औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या कार्यालयात तर साहेब जेवायला गेलेले, मग मीटिंगमध्ये, मग म्हणे पुडीवर लेबल नाही, तक्रार कशावर घेऊ? तयार आयुर्वेदिक औषधावर परवाना क्रमांक, बॅच, तारीख लागते. ती नाही, हीच तर तक्रार आहे! आजारी म्हाताऱ्याला घरी ठेवून माणसाने किती खेटे घालायचे?

त्या दुकानाची पाटी आता बदलली आहे, माणसं तीच आहेत. तुमच्याकडे अशी 'जडीबुटी' लिहिलेली चिठ्ठी असेल तर फाडू नका. उरलेली पुडीही ठेवा. पोलीस आयुक्तालयात लेखी अर्ज देतेय, सोबत या.